खरेदीखतांतील खरी किंमत

जनावरांच्या बाजारांत बैल घेतांना आपला शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, त्यास चार पावलें चालवून पाहतो. बियाणें घेतांना पिशवीवरील तारीख वाचून घेतो. पण ज्या जमिनीवर तो बैल चालावयाचा व तें बियाणें पडावयाचें, ती जमीन विकतांना किंवा घेतांना दस्तांत कोणता आंकडा लिहिला जात आहे, याकडे तो क्वचितच लक्ष देतो. आंकडा दस्तलेखक सुचवितो, मध्यस्थ मान डोलावतो, आणि दोन्ही पक्ष सह्या करून मोकळे होतात. जालना जिल्ह्यांत काय आणि मराठवाड्यांत इतरत्र काय, ही रीत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तींत कांहीं विचार करण्याजोगें आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. आमचें मत स्पष्ट आहे. खरी किंमत दडवून जो थोडासा मुद्रांक वांचतो, त्याच्या कित्येक पटींनीं शेतकऱ्याचें व त्याच्या गांवाचें नुकसान होतें. तें कसें, हें सकारण मांडण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यांत पाहूं. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर नोंदणी केलेला दस्तच पाहिजे, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें ठरविलें आहे. नोंदणी कशी करावी हें १९०८ चा कायदा सांगतो, आणि मुद्रांक किती लावावा हें महाराष्ट्रांत १९५८ चा मुद्रांक कायदा सांगतो. खेड्यांतील मिळकतीवर मुद्रांकाखेरीज जिल्हा परिषदेचा अधिभार पडतो. नोंदणीची फी किंमतीच्या शेंकडा १ असून ती जास्तींत जास्त ३० हजार रुपये असते. उलट करार नसेल तर हा सर्व बोजा खरेदी घेणाऱ्यानें सोसावयाचा असतो.

हें शुल्क कोणत्या रकमेवर आकारावें? येथेंच सगळ्या घोटाळ्याचें मूळ आहे. सरकार प्रत्येक गांवाचा जमिनीच्या दरांचा एक वार्षिक तक्ता काढतें. त्यास सर्वत्र ‘रेडीरेकनर’ म्हणतात व आपल्याकडील लोक ‘सरकारी भाव’ म्हणतात. तक्त्यांतील किंमत आणि दस्तांत लिहिलेली किंमत, या दोहोंपैकीं जी अधिक असेल तिजवर मुद्रांक घेतला जातो. म्हणजे सरकारी भावाच्या खालीं उतरून कांहीं फायदा नाहीं, आणि त्याच्या वर खरें लिहिलें तर अधिक पैसे मोजावे लागतात. म्हणून बहुतेक दस्त नेमके सरकारी भावापाशीं येऊन थांबतात. वरची रक्कम हातोहात रोख दिली जाते व तिचा कागदावर मागमूस राहत नाहीं. शुल्कावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट दस्तांत पूर्णपणें व खरेपणानें लिहिली पाहिजे असें मुद्रांक कायद्यांत सांगितलें आहे; पण हें कलम कागदावरच राहिलें आहे.

असें करणारा प्रत्येकजण लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. जमीन विकण्याची पाळी येते ती बहुधा अडचणीच्या वेळीं. मुलीचें लग्न, दवाखाना, सावकाराचें व्याज किंवा दुष्काळ यांपैकीं कांहींतरी मागें लागलेलें असतें. २०१२-१३ च्या दुष्काळांत याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांनीं टँकरचें पाणी घालून त्या जगविण्याचा प्रयत्न केला, ते पुढें कर्जांत सांपडले. अशा वेळीं ज्याच्या हातीं रोख पैसा असेल तो सांगेल तसा दस्त लिहून देण्यास विकणारा तयार होतो. घेणाराही पुष्कळदा शेतकरीच असतो. त्यानें पै-पै जोडून आणलेल्या रकमेंतून आणखी मुद्रांक भरावयाचा, हें त्याच्या जिवावर येतें. ही अडचण खरी आहे. परंतु अडचणींत काढलेली वाट पुढें कोठें जाऊन पोंचते, हें पाहिलेंच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याच्या जमिनीवर सरकारची दृष्टि वारंवार पडत आली आहे. १९०० सालीं निजामाच्या राज्यांत गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालना व परतूरवरून गेली. पुढें जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी व परतूरच्या बाजूनें निघाला. अलीकडे ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग बदनापूर व जालना या तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. त्याला जोडून जालना-नांदेड द्रुतगति महामार्गाची योजना आली, आणि तिच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावें लागलें. तेव्हां सरकार जमिनीची किंमत कशी ठरवितें, हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

पूर्वीं १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यांत बाजारभाव व १९८४ पासून त्यावर शेंकडा ३० दिलासा रक्कम मिळे. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा अंमलांत आला. त्याच्या २६ व्या कलमांत बाजारभाव ठरविण्याची रीत दिली आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखी आहे. जिल्हाधिकाऱ्यानें एका बाजूस मुद्रांकाच्या तक्त्यांतील दर पाहावयाचा. दुसऱ्या बाजूस त्याच गांवांत किंवा लगतच्या भागांत, तशाच प्रकारच्या जमिनीचे मागील तीन वर्षांत जे दस्त नोंदले गेले असतील, ते काढावयाचे. त्यांपैकीं अधिक किंमतीचे निम्मे दस्त घेऊन त्यांची सरासरी काढावयाची. तक्त्याचा दर व ही सरासरी यांत जें अधिक तो बाजारभाव. ग्रामीण भागांत त्यास १ ते २ पर्यंतच्या गुणकानें गुणावयाचें, व येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम तींत आणखी मिळवावयाची.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. मोबदल्याचा पाया आपणच लिहिलेल्या खरेदीखतांवर उभा आहे. मुद्रांक वांचविण्यासाठीं जो आंकडा आपण दडविला, त्याच आंकड्याचा शोध पुढें भूसंपादन अधिकारी घेतो, आणि तो त्यास सांपडत नाहीं. गांवांत एकरीं दहा लाखांचे व्यवहार झाले हें शेंबड्या पोरासही ठाऊक असतें; पण अधिकाऱ्यापुढील कागद चार लाख म्हणतो, आणि त्याला कागदच वाचावयाचा असतो.

हिशेब करूनच पाहूं. समजा, एका गांवीं जिरायत जमिनीचा खरा भाव एकरीं १० लाख रुपये आहे व तक्त्यांतील ४ लाख. मुद्रांक, अधिभार व नोंदणी मिळून सोयीसाठीं शेंकडा ६ खर्च धरूं. १ एकराचा दस्त ४ लाखांचा केला तर खर्च २४ हजार, व १० लाखांचा केला तर ६० हजार. वांचले ३६ हजार, आणि तेही घेणाऱ्याचे. आतां याच गांवांतून रस्ता निघाला. सर्व दस्त ४ लाखांचे असतील तर गुणक १ धरून दिलाशासह एकरीं ८ लाख मिळतील. दस्त १० लाखांचे असते तर २० लाख मिळाले असते. गुणक २ असेल तर हेच आंकडे १६ लाख व ४० लाख होतात. म्हणजे एकरीं निदान १२ लाख व कदाचित् २४ लाखांची तूट. छत्तीस हजार वांचविण्यासाठीं बारा लाख घालविणें, म्हणजे एक रुपया वांचवून तेहतीस रुपये गमावणें होय. शिवाय ज्यानें ३६ हजार वांचविले तो एक, आणि ज्यांचे बारा-बारा लाख गेले ते गांवांतील सगळे, ज्यांनीं आयुष्यांत कधीं जमीन विकली नाहीं व घेतलीही नाहीं, असे लोकसुद्धां.

समृद्धि महामार्गासाठीं पुष्कळशी जमीन थेट खरेदीखतानें घेण्यांत आली व तेथें कायद्यानें येणाऱ्या रकमेवर आणखी शेंकडा २५ देण्यांत आले. ‘पांचपट मोबदला’ म्हणून जें बोललें जातें तें हेंच. पण पांचपट कशाची? मूळ आंकडा तोच, तक्त्याचा किंवा दस्तांच्या सरासरीचा. मूळ आंकडा लहान असला तर पांचपटही लहानच. एकाच रस्त्यावर गांवोगांव दर निरनिराळे आले, त्याचें एक कारण हें आहे. मोबदल्याच्या तक्रारींना दुसरींही कारणें आहेत, व त्यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. परंतु जें एक कारण आपल्या हातीं आहे, तें तरी आपण दूर कां करूं नये?

कायद्यांतील दोन गोष्टी या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. पहिली, सरासरी काढतांना अधिक किंमतीचेच निम्मे दस्त घेतले जातात. म्हणजे सबंध गांव एकाच दिवशीं सत्यवादी झालें पाहिजे असें नाहीं. तीन वर्षांत दहा दस्त झाले व त्यांतले पांच जरी खऱ्या किंमतीचे असले, तरी सरासरी खऱ्या किंमतीची येते. दहांपैकीं दोनच खरे, १० लाखांचे असले व बाकीचे ४ लाखांचे, तरी वरच्या पांचांची सरासरी ६ लाख ४० हजार होते. एकेका खऱ्या दस्तानें सगळ्या गांवाचा भाव उचलला जातो. ज्यानें खरें लिहिलें त्याचे चार पैसे अधिक गेले, हें खरें. पण त्यानें आपल्या बांधाशेजारच्या प्रत्येक शेतकऱ्यावर उपकार केला.

दुसरी गोष्ट, दस्त पाहावयाचे ते मागील तीन वर्षांचे. रस्त्याची आंखणी झाल्यावर, मोजणीचे दगड बसल्यावर खरें बोलून उपयोग होत नाहीं. आणि त्या वेळीं कोणी मुद्दाम फुगवून दस्त केले, तर खऱ्या बाजारभावाशीं न जुळणारे दस्त बाजूस ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. तेव्हां किंमत चोरूं नये, तशी फुगवूंही नये. विहीर आग लागल्यावर खणावयाची नसते.

आतां विकणाऱ्या शेतकऱ्याचा निराळा विचार करूं. कमी किंमत लिहिण्यांत त्याचा फायदा कोणता? मुद्रांक घेणारा भरतो. खेड्यांतील शेतजमीन विकून आलेल्या नफ्यावर प्राप्तिकर पडत नाहीं, कारण अशी जमीन प्राप्तिकराच्या दृष्टीनें भांडवली मालमत्ता मानली जात नाहीं. मात्र शहरालगतच्या जमिनीस ही सवलत नाहीं. १ लाखाहून अधिक व १० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून ६ किलोमीटर, व १० हजारांवरील लहान गांवांच्या नगरपालिका हद्दीपासून २ किलोमीटर, अशी मर्यादा आहे. जालना शहराच्या जवळच्या खेड्यांनीं सहा किलोमीटरांची व अंबड, परतूर, भोकरदन यांच्या जवळच्यांनीं दोन किलोमीटरांची मर्यादा ध्यानांत ठेवावी. तिच्या बाहेरच्या शेतकऱ्यास खरी किंमत लिहून देण्यांत एक पैचाही तोटा नाहीं. उलट, दस्त चार लाखांचा आणि हातीं दहा लाख, असें झालें कीं वरच्या सहा लाखांचा त्याच्याजवळ कोणताच कागद नसतो. पुढें तीच रक्कम त्यानें बँकेंत ठेवली, दुसरी जमीन घेतली किंवा मुलाच्या शिक्षणास लावली, आणि ती कोठून आली असें कोणी विचारलें, तर तो काय दाखविणार? स्वतःच्या घामाची व वडिलार्जित जमिनीची रक्कम चोरीच्या मालासारखी लपवावी लागते.

घेणाराही सुरक्षित नसतो. विकणाऱ्याच्या हक्कांत पुढें दोष निघाला, एखादी बहीण किंवा चुलतभाऊ हिस्सा मागावयास उभा राहिला, तर पैसे परत मागतांना न्यायालयापुढें दस्तांतील आंकडा उभा राहतो. हातोहात दिलेल्या रकमेचा पुरावा देणें फार कठीण. आणि शुल्क कमी भरल्याचें पुढें उघडकीस आलें तर फरकाची रक्कम द्यावी लागतेच, शिवाय तिजवर दरमहा शेंकडा २ प्रमाणें दंड चढत जातो.

कांहीं लोक तर याच्याही पुढें जातात. ते खरेदीखतच करीत नाहींत. साठेखत, मुखत्यारपत्र किंवा साध्या मुद्रांकावर चार ओळी लिहून ताबा देतात व घेतात. मराठवाड्यांत तरी हा धडा नव्यानें शिकण्याची गरज पडूं नये. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. त्यानंतर १९५४-५५ चें खासरा पत्रक तयार झालें, आणि आजही जुन्या जमिनीचा वाद निघाला कीं लोक त्याच पत्रकाची नक्कल काढण्यासाठीं धांवतात. ज्याचें नांव कागदावर आलें तो तरला, ज्याचें राहिलें त्याचीं नातवंडेंही कज्जे लढत आहेत. मुखत्यारपत्रानें किंवा साठेखतानें मालकी जात नाहीं, ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानेंच जाते, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं निःसंदिग्ध सांगितलें आहे. आणि अशा बिननोंदी व्यवहाराची किंमत गांवाच्या सरासरींतही येत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

घरांतल्या घरांत किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जमीन बदलतांना खर्चाचा बाऊ करण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. एकत्र कुटुंबाच्या शेतीची वाटणी जमीन महसूल कायद्याच्या ८५ व्या कलमाखालीं होते. तिच्या दस्तास मुद्रांक नाममात्र आहे, आणि जी शेंकडा १ नोंदणी फी आड येत होती ती माफ करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें मे २०२५ मध्यें घेतला. बापानें मुलास किंवा मुलीस, पतीनें पत्नीस शेती बक्षीस दिली तर तेथेंही २०१५ पासून नाममात्रच मुद्रांक ठेवला आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटींत व दुसऱ्याची पहिल्याच्या, असा घोळ निदान बारा वर्षें चालत आला असेल, तर तो अदलाबदलीनें मिटविण्यासाठीं जानेवारी २०२३ मध्यें ‘सलोखा’ योजना काढण्यांत आली व तींत मुद्रांक आणि नोंदणी यांस प्रत्येकीं १ हजार रुपयेच ठेवले. या सवलती घेण्याचें सोडून कोऱ्या कागदावर वाटण्या करणें म्हणजे दारीं आलेलें पाणी सोडून ओढ्यावर घागर घेऊन जाणें होय.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, व तो वाजवी आहे. सगळ्यांनीं खरी किंमत लिहिली तर त्या दस्तांवरून सरकार तक्त्याचा दर वाढवील, आणि उद्यां जो गरीब शेतकरी दोन एकर घेईल त्याच्या डोक्यावर मुद्रांकाचा बोजा दुप्पट होईल. ही भीति खोटी नाहीं. २०२३-२४ व २०२४-२५ या दोन वर्षीं दर जैसे थे ठेवून १ एप्रिल २०२५ पासून सरकारनें ते वाढविलेच. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शेतकऱ्यानें खरें लिहावें व त्याच वेळीं आपल्या संघांनीं सरकारपाशीं रास्त मागण्या एकमुखानें कराव्या.

पहिली मागणी, शेतकऱ्यानें शेतकऱ्याकडून कसण्यासाठीं घेतलेल्या जमिनीवर मुद्रांकाचा दर कमी करावा. दर निम्मा केला व लिहिलेली किंमत दुप्पट झाली, तर तिजोरीचें कांहींच बिघडत नाहीं. साथीच्या टाळेबंदीनंतर १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबर अखेरपर्यंत शेंकडा ३ नें व पुढें मार्च २०२१ अखेरपर्यंत शेंकडा २ नें मुद्रांक उतरविला होता, तेव्हां नोंदणी कचेऱ्यांत किती गर्दी लोटली हें सर्वांनीं पाहिलें आहे. कर हलका असला कीं माणूस तो आपण होऊन भरतो, हें सरकारनें स्वतःच सिद्ध करून दाखविलें आहे.

दुसरी मागणी, दरांत जमिनीची खरी स्थिति उतरावी. सातबारावर बागायत लिहिलेली पण विहीर आटून बाग तोडलेली जमीन बागायतीच्या दरानें मोजली जाऊं नये. जेथें पाणी आहे तेथें पाण्याचा दर असावा, जेथें खडक आहे तेथें खडकाचा.

तिसरी मागणी स्त्रियांसंबंधीं. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकांत शेंकडा १ सवलत मिळूं लागली. पण ती राहत्या घरापुरती ठेवली. शेतांत राबणारी बाई स्वतःच्या नांवें शेत घेऊं लागली, तर तिला ती सवलत कां नसावी? ती द्यावी, म्हणजे खरी किंमत लिहिण्यासही उत्तेजन मिळेल व घरच्या लक्ष्मीचें नांव सातबारावर येईल.

चौथी मागणी, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर त्या गांवाचा चालू वर्षाचा दर व मागील तीन वर्षांत नोंदलेल्या दस्तांच्या किंमती दरसाल लावाव्या. नोंदणीची ‘सूची दोन’ ही कांहीं गुप्त वही नव्हे. कोणीही फी भरून तिची नक्कल मागूं शकतो. गांवाच्या भिंतीवर ती लागली कीं, आपल्याच शिवाराची किंमत कोण किती घसरवीत आहे हें प्रत्येकास दिसेल, व लाज ही कायद्याहून मोठी शिस्त लावील.

शेवटीं, दस्त करणारांस थोड्या व्यावहारिक सूचना. कचेरींत जाण्यापूर्वीं आपल्या गटाचा तक्त्यांतील दर दुय्यम निबंधकाकडून अथवा मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून समजून घ्यावा. सातबारा, आठ-अ व फेरफाराचे उतारे ताजे काढावे. मुद्रांक किती लागेल याविषयीं शंका असेल तर दस्त करण्यापूर्वींच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याचा निर्णय घेतां येतो; मध्यस्थाच्या तोंडी हिशेबावर विसंबूं नये. रक्कम शक्य तितकी बँकेमार्फत द्यावी व घ्यावी, आणि धनादेशाचे किंवा भरण्याचे क्रमांक दस्तांत लिहावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत दस्त नोंदणीस हजर करावा. उशीर झाला तर नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत दंड बसूं शकतो. नोंदणी झाल्यावर सूची दोनची प्रत घ्यावी व तलाठ्याकडे फेरफार पडला कीं नाहीं तें पाहून मगच निश्चिंत व्हावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, इसाराच्या वेळींच दोन्ही पक्षांनीं ठरवावें कीं दस्त खऱ्या किंमतीचा होईल व वाढीव मुद्रांक कोण भरील. विकणाऱ्यानें त्यांतला कांहीं भाग उचलण्याची तयारी दाखविली, तर घेणाऱ्याचें मन वळविणें सोपें जातें. आणि त्यास मिळणारा स्वच्छ पैसा पाहतां हा खर्च त्यास जड नाहीं.

‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी म्हण आपल्या जिल्ह्याविषयीं जुन्या काळापासून चालत आली आहे. पाळणा सोन्याचा असला तरी त्याची किंमत कागदावर लोखंडाची लिहिली, तर घेणारा लोखंडाचीच किंमत देईल, मग तो सरकार असो, कंपनी असो वा परका खरेदीदार. तेव्हां संघाच्या शाखांनीं आपापल्या गांवीं बैठक घेऊन हा विषय मांडावा, २६ व्या कलमाचा हिशेब फळ्यावर करून दाखवावा, आणि निदान सभासदांनीं तरी यापुढें होणारे दस्त खऱ्या किंमतीचे करण्याचा ठराव करावा. मुद्रांकावर दिलेला पैसा वायां जात नाहीं. तो आपल्या जमिनीच्या किंमतीचा साक्षीदार विकत घेतो, आणि जमीन जाण्याची वेळ आली असतां तोच साक्षीदार आपल्या बाजूनें उभा राहतो.